उत्तर नसलेला धडा

औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' होणार हे ठरल्यापासून हिंगोलीकडच्या आमच्या नातेवाइकांत 'लहरी' हा शब्द भलताच चलनात आलाय. कुणी जमिनीच्या भावाचं बोलतं, कुणी नोकऱ्यांचं. बोलावंच. पण मंडळी, त्या गुरुत्वीय लहरी. मला आज सांगायचंय ते दुसऱ्याच लहरींबद्दल, रोज आपल्या डोक्यावर तापणाऱ्या सूर्याच्या.

म्हणजे बघा, हळद शिजवायच्या भट्टीपासून चार पावलं मागे सरलं की झळ कमी होते. सूर्याचं उलटंच! पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, आणि बाहेरचं विरळ वातावरण, म्हणजे करोना (नावावर जाऊ नका!), दहा लाख अंशांच्याही वर. ही उष्णता येते कुठून?

१९४२ साली हान्नेस आल्फ्वेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने चुंबकीय लहरींची कल्पना मांडली. ताणलेल्या दोराला एका टोकाला झटका दिला की लहर दुसऱ्या टोकाला जाते ना, तसंच. सूर्याचा पृष्ठभाग सतत उकळतोय, त्याने चुंबकीय रेषांना हिसके बसतात आणि लहरी ऊर्जा वर नेतात. २००७ साली 'हिनोदे' या जपानी उपग्रहाला अशा लहरी दिसल्याही. पण वर पोचलेल्या ऊर्जेची उष्णता नेमकी कशी होते? की चुंबकीय रेषा तुटून-जुळून होणारे असंख्य छोटे स्फोटच जास्त तापवतात? यावर अजून एकमत नाही. २०२३ साली निघालेल्या आपल्या आदित्य एल-१ वर पुण्याच्या आयुकाने बनवलेली 'सूट' दुर्बीण आहे. पृष्ठभागाकडून ऊर्जा वर कशी जाते, याचाच माग ती घेतेय.

माझं म्हणणं एवढंच, की हा धडा आपल्या शाळांत शिकवावा, आणि उत्तर नाही असं सांगून शिकवावा. आपल्या पुस्तकांत प्रश्न असतात ते सुटलेलेच. मग पोरांना वाटतं, शोध लावायचे ते लावून झाले, आपल्याला उरलंय ते पाठांतर. शहरातल्या मुलाला हे चुकीचं आहे हे सांगणारं कुणीतरी भेटतं. औंढ्याच्या मुलीला कोण सांगणार?

लायगोच्या गेटवरचा वॉचमन आपल्याकडचा असेलच. आत लेझरपाशीही आपल्याकडचं कुणी दिसायचं असेल, तर सुरुवात नववीच्या वर्गात करायला हवी. प्रयोगशाळेची इमारत पुरी व्हायची वाट कशाला बघायची? सूर्य तर आत्ताही वर आहेच.