शनिवार-रविवारचा गार वारा आणि आपली छापील ऋतुचर्या

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात ऋतुचर्येचा एक तक्ता भिंतीवर असतो. एखाद्या औषधी कंपनीने दिनदर्शिकेसोबत भेट दिलेला, सहा ऋतूंचे सहा रंग असलेला. माझ्याही चिकित्सालयात तो बरीच वर्षे होता. पौष सरला, माघ लागला की शिशिराच्या चौकटीकडे बोट दाखवायचे आणि रुग्णाला सांगायचे, ‘पहाटे उठा, अभ्यंग करा, व्यायाम करा, स्निग्ध-उष्ण आहार घ्या.’ हा उपदेश शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु तो दिनदर्शिका पाहून केलेला उपदेश आहे, आकाश पाहून केलेला नव्हे, हे माझ्या लक्षात येण्यासाठी जानेवारी २०२२ मधील एक रविवार यावा लागला.

वैद्यबांधवांना तो रविवार आठवत असेल. शनिवारी, २२ जानेवारीला, पश्चिमी विक्षोभाच्या प्रभावाने उत्तर कोकणात ढग दाटले व काही ठिकाणी अवकाळी पाऊस झाला. त्याच सुमारास पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ समुद्रावरून सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले होते आणि ते पुढे दक्षिणेकडे सरकणार, असे अंदाजही येत होते. रविवारी, २३ तारखेला, मुंबईपासून खाली आमच्या अलिबागपर्यंत आभाळ पांढुरके झाले, बोचरा वारा सुटला, उभ्या गाड्यांवर पिठासारखी धूळ बसली. मुंबईचे दिवसाचे तापमान जेमतेम २४ अंशांच्या आसपास राहिले. जानेवारीत एरवी ते ३० च्या वर असते.

माझे एक वृद्ध रुग्ण, निवृत्त शिक्षक, तमकश्वासाचे जुने दुखणे असलेले. त्यांना मीच पहाटे तेल लावून किनाऱ्यावर फेरी मारण्यास सांगितले होते. गुरुजी शिस्तीचे. वैद्याने सांगितले म्हणजे सांगितले. त्या रविवारीही ते गेले. सोमवारी दुपारी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला, तो रुग्णालयातून. प्राणवायू लावावा लागला होता. दिवस ओमायक्रॉनचे, त्यामुळे सर्वांच्या मनात वेगळीच भीती. तपासणीत तसे काही निघाले नाही. गुरुजी बरे होऊन घरी आले, आणि मला भेटल्यावर तक्रार अशी काहीच केली नाही. फक्त म्हणाले, ‘डॉक्टर, वारा बरा नव्हता हो त्या दिवशी. पण तुम्ही सांगितलं होतं ना!’ त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी चरकसंहितेचे विमानस्थान पुन्हा काढले. जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात बिघडलेल्या वायूची लक्षणे सांगताना आचार्यांनी अतिशीत, अतिरूक्ष, अतिचल यांच्याबरोबर वाळू, धूळ आणि धूर यांनी दूषित झालेला वायूही मोजला आहे. श्वासचिकित्सेत तमकश्वासाची वृद्धी करणारे हेतू म्हणून मेघ, पाऊस, गारवा आणि पूर्वेचा वारा यांची नावे घेतली आहेत. म्हणजे शनिवारचे ढग आणि पाऊस, रविवारचा गारवा आणि धूळ, सगळे हेतू आचार्यांनी आधीच लिहून ठेवले होते, आणि ते दोन दिवसांत येणार याची बातमी वर्तमानपत्रात होती. मी ग्रंथही वाचलेला होता आणि वर्तमानपत्रही. दोन्ही एकत्र मात्र वाचली नव्हती.

येथे एका गोष्टीची चर्चा आपल्या मंडळींत व्हावी असे मला वाटते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात चारही दिशांच्या वाऱ्यांचे गुण सांगितले आहेत. त्यात उत्तरेचा वारा स्निग्ध, मृदु, मधुर, शीत, दोषांचा प्रकोप न करणारा आणि क्षीण मनुष्यास विशेष हितकर असा वर्णिला आहे, तर पश्चिमेचा वारा रूक्ष, परुष, तीक्ष्ण, बल हरण करणारा. आता कोकणात हे कसे लावायचे? आमच्याकडे पश्चिमेचा वारा समुद्रावरून येतो, खारट आणि दमट असतो, दुपारनंतर तो सुटला की उकाडा कमी होतो. हिवाळ्यात उत्तरेकडून व ईशान्येकडून येणारा वारा मात्र जमिनीवरून कोरडा होऊन येतो. ओठ फुटतात, टाचा उलतात, सांधे धरतात. त्यात स्निग्धता शोधून सापडत नाही. माझे मत असे की, आचार्यांनी आपापल्या प्रदेशात अनुभवलेले वारे लिहिले, आणि त्यांच्या पश्चिमेस समुद्र नसून शुष्क प्रदेश असावा. २०२२ चा तो रविवार याच दृष्टीने विलक्षण होता. वाळवंटी मुलुखातली धूळ घेऊन सुश्रुतोक्त पश्चिमवारा एका दिवसापुरता थेट आनूप देशात आला होता, आणि सदा दमट हवेत वाढलेल्या आमच्या माणसांना तो सात्म्य नव्हता. दिशेचे नाव पाठ करून भागणार नाही, वारा कशावरून वाहत आला हे पाहावे लागेल. विद्वानांनी यावर अवश्य लिहावे, माझी चूक असल्यास दाखवावी.

हवामान खात्याच्या अंदाजाविषयी आपल्या व्यवसायात थोडी कुचेष्टेची वृत्ती आहे. ‘पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी’ हा विनोद मीही केला आहे. पण आमचे आंबा बागायतदार हा विनोद करीत नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका ते वाचतात, ढगाळ हवा येणार म्हटले की मोहोरावरच्या फवारणीचा विचार करतात. झाडाच्या मोहोरासाठी माणूस तीन दिवस पुढचे आकाश पाहतो, आणि ज्याच्या छातीत घरघर आहे अशा माणसाचा वैद्य मात्र भिंतीवरचा तक्ता पाहतो! दोन-तीन दिवसांचा अंदाज आता पुष्कळच भरवशाचा झाला आहे. पंधरवड्याचा अंदाज घेऊन पंचकर्माचे वेळापत्रक लावा, असे मी म्हणणार नाही.

मात्र अंदाज कसा वाचायचा, हेही शिकावे लागते. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा या रंगांवर थांबून चालत नाही. किनारपट्टीवरील ठिकाणी थंडीची लाट जाहीर करण्यासाठी किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली असावे आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेले असावे, असा खात्याचा निकष आहे. हा निकष त्यांच्या कामासाठी योग्यच आहे. परंतु आमच्याकडे पहाटे १७ अंश आणि सोबत वेगाचा उत्तर वारा असला, तरी तो निकष पुरा होत नाही. नकाशावर जिल्हा हिरवाच राहतो, आणि सोमवारी आपल्या दाराशी आमवाताचे, अर्दिताचे, श्वासाचे रुग्ण बसलेले असतात. इशारा नाही म्हणजे हेतू नाही, असे समजू नये. किमान व कमाल तापमानातील अंतर, वाऱ्याची दिशा व वेग, हवेतील आर्द्रता हे चार आकडे पाहिले तर वैद्याला पुरेसा बोध होतो. मच्छीमारांसाठीची सूचनाही पाहावी. समुद्रात ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा वारा सांगितला असेल तर किनाऱ्यावर फेरी मारणाऱ्या श्वासरुग्णाने घरी थांबलेले बरे.

शनिवार-रविवारचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो, कारण आपली चिकित्सालये व दुकाने रविवारी बंद असतात आणि माणसे नेमकी तेव्हाच बाहेर पडतात. लग्ने, जत्रा, मांडव्याहून बोटीने मुंबई, दुचाकीवरून मुरूड किंवा काशीद. गार वाऱ्यात दुचाकीवर तासभर बसून आलेला मनुष्य सोमवारी मान धरून येतो. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी सांगावे लागते, सोमवारी सांगून उपयोग काय?

मी तीन हिवाळे असे करीत आलो आहे की, शुक्रवारी अंदाज पाहून चिकित्सालयाच्या दारावरील फळ्यावर चार ओळी लिहायच्या. कोरडा गार वारा असेल तर नस्याला अणुतैल, कोमट पाण्याने स्नान, कान व छाती झाकणे, फेरी उन्हे वर आल्यावर. ढगाळ गारवा असेल तर दही, केळी, शिळे अन्न वर्ज्य आणि सुंठीचे पाणी. धूळ असेल तर खिडक्या बंद, फेरी बंद. श्वासाच्या रुग्णांसाठी एक ओळ कायम असते. फुफ्फुसतज्ज्ञांनी दिलेला पंप बंद करू नये, तो खिशात असावा, आणि दम वाढल्यास माझी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ही ओळ लिहिण्यात आयुर्वेदाचा काही कमीपणा आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझे पटणार नाही.

पंचकर्म करणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. स्नेहपान निर्मळ सूर्य असलेल्या दिवशी द्यावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. आपण मात्र शिबिराचा दिवस सभागृहाच्या उपलब्धतेवर ठरवतो, पत्रके छापतो आणि मग आभाळ भरून आले तरी मागे फिरत नाही. शिबिर पुढे ढकलणे अवघड असते, हे मी स्वतः आयोजक राहिलो असल्याने जाणतो. निदान पत्रकात ‘हवामानानुसार दिवस बदलू शकेल’ इतके छापता येईल.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंचा हिवाळी अनुभव वेगळाच असतो. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना थिजते. आमच्या आजीला थंडी मोजायला दुसरे उपकरण लागत नसे, फडताळातली बाटली पाहिली की पुरे. पण हल्लीचा ग्राहक नारळाच्या तेलात सिद्ध केलेले केशतैल थिजलेले पाहून ‘माल खराब आहे’ म्हणून बाटली परत आणतो. अंदाज पाहून आदल्या दिवशीच दर्शनी भागात एक चिठ्ठी लावली, ‘बाटली कोमट पाण्यात धरा’, तर वाद टळतो. सितोपलादी, तालीसादी, वासावलेह, महानारायण तेल यांची मागणी गारव्याबरोबर येते. शनिवारी सकाळी पुरवठादाराला कळवून सोमवारी माल मिळत नाही. मात्र अंदाज दाखवून घाबरवून माल खपवणे, हा प्रकार एक-दोन ठिकाणी पाहिला, तो आपल्या व्यवसायाला शोभणारा नाही.

माझ्या वहीत तीन हिवाळ्यांच्या नोंदी आहेत. तारीख, किमान तापमान, वाऱ्याची दिशा, आणि पुढील तीन दिवसांत आलेले श्वासाचे व संधिशूलाचे रुग्ण. एका लहान गावातील एका वैद्याची ही वही, तिच्यावरून कोणताही सिद्धान्त मांडण्याचे धाडस मी करणार नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत दहा-बारा वैद्यांनी एकच तक्ता धरून येत्या मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत नोंदी ठेवल्या, तर उत्तरेच्या वाऱ्याविषयी वर मांडलेली शंका तपासता येईल. तक्त्याचा मसुदा मी संपादकांकडे दिला आहे. ज्यांना सहभागी व्हायचे असेल त्यांनी त्यांच्याशी पत्राने संपर्क साधावा. रकाने वाढवू नयेत एवढीच विनंती, कारण सहापेक्षा अधिक रकाने असलेली वही माझ्याच्याने पहिल्या हिवाळ्यात पौषापलीकडे गेली नव्हती.