उंच जायचंय? मग आधी पाय बघा!

कुंभकोणम्... तामिळनाडूतलं, कावेरीकाठचं देवळांचं गाव. तिथल्या सारंगपाणी मंदिराचं अकरा मजली गोपुर १७३ फूट उंच आहे. म्हणजे आजच्या पंधरा-सोळा मजली इमारतीएवढं! जमीन नदीच्या गाळाची. ना सिमेंट, ना लोखंडी सळया. मग शतकानुशतकं हे उभं राहिलं कसं?

गोम आकारात आहे. गोपुर बांधण्याची रीत अशी, की तळ भक्कम दगडाचा आणि वरचे मजले विटा-चुन्याचे, आतून पोकळ. शिवाय प्रत्येक मजला खालच्यापेक्षा अंगाने लहान. वजन पायाशी जास्त, माथ्याशी कमी. वाऱ्याने कितीही ढकललं तरी हे वजनच त्याला जागेवर बसवून ठेवतं.

पण या युक्तीलाही मर्यादा आहे. मजले वाढवायचे तर तळाच्या भिंती जाड करत जाव्या लागतात. शिकागोत १८९१ साली सोळा मजली मोनॅडनॉक इमारत विटांनी बांधली, तेव्हा तळाच्या भिंती सहा फूट जाड झाल्या! पोलादी सांगाडा आला आणि भिंतीवरचा भार खांबांवर गेला. ढाक्यात जन्मलेले इंजिनीअर फझलूर रहमान खान यांनी बाहेरचे खांब जवळजवळ उभे करून सारी इमारत एखाद्या नळीसारखी ताठ केली. अतिउंच इमारतीत वजनापेक्षा वाऱ्याचीच धास्ती मोठी. म्हणून तर ८२८ मीटर उंचीचा दुबईचा बुर्ज खलिफाही गोपुरासारखाच वर निमुळता होत जातो. त्याचा आकार टप्प्याटप्प्याने बदलतो, त्यामुळे वाऱ्याला एका ठेक्यात झोके देता येत नाहीत.

मात्र बांधणारा कितीही हुशार असो, पुढे राखणाऱ्याचंही काम असतं. आंध्रातल्या श्रीकालहस्तीचं, कृष्णदेवरायाने १५१६ साली उभारलेलं गोपुर मे २०१० मध्ये कोसळलं. जुन्या भेगा रुंदावत गेल्या होत्या. तिथे नवं गोपुर उभं राहिलं, पण पाचशे वर्षांचं जुनं ते गेलंच!

तेव्हा वाचकहो, आपल्या इमारतीच्या खांबाला भेग दिसली, तर वर रंगाचा हात फिरवून ती झाकू नका. आतल्या सळईला गंज चढतच राहतो. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत गेटच्या कमानीआधी हा विषय घ्या. आणि घरात दुरुस्ती काढलीत, तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय एकही भिंत पाडू नका!