साथीवांचून गाणें

ध्वनिमुद्रणाचें साहित्य हल्लीं घरोघर पोंचलें आहे, ही गोष्ट निःसंशय आनंदाची. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तींतील गायकालाहि आपलें गाणें मुद्रित करण्यासाठीं नागपूर-मुंबईच्या स्टुडिओचे उंबरठे झिजविण्याचें कारण आतां उरलें नाहीं. परंतु या साहित्यामागोमाग एक मतहि घरांत शिरूं पाहत आहे, आणि त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. तें मत असें कीं, प्रत्येक कलावंतानें आपापल्या सवडीनें आपला भाग वाजवावा. तबला सोमवारीं, पेटी बुधवारीं, गायन रविवारीं. या सर्वांची मोट मग यंत्र बांधील!

यंत्राची थोरवी प्रथम मान्य करूं. 1957 सालीं अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे अँपेक्स कंपनीचें आठ ट्रॅकांचें टेपयंत्र आलें. 1979 मध्यें टॅस्कम कंपनीनें चार ट्रॅक साध्या कॅसेटवर आणले. 1996 मध्यें रोलंडच्या व्हीएस-880 नें आठ ट्रॅक एका लहानशा पेटींतील हार्ड डिस्कवर बसविले. अशा डिजिटल यंत्रांत साधारणतः सेकंदास 44,100 वेळां ध्वनीचें मोजमाप होतें आणि प्रत्येक ट्रॅक निराळा राहतो. म्हणून तबला मागाहून कमी करतां येतो, आणि चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा गातां येते. लेस पॉल यांनीं एकट्यानें गिटारीचे थरावर थर रचले. त्यांच्या संगीतांत ती रचना हीच कला होती, आणि तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती ख्यालाला आणि भजनाला त्याच साच्यांत ओतण्याविषयीं. ख्यालांतील लय म्हणजे घड्याळाची टिकटिक नव्हे. आलापी सरून बोलताना सुरू झाल्या म्हणजे ती किंचित् चढते. गायक समेकडे वळला कीं तबलजीला त्याची चाहूल लागते आणि दोघे मिळून समेवर येतात. सोमवारच्या तबल्याला रविवारच्या गायकाची चाहूल कशी लागावी? भजनाची गोष्टहि तीच. तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) खंजिरीनें ज्या वऱ्हाडांत आणि वर्धा-नागपूरकडे गांवेंच्या गांवें भजनाला बसविलीं, तेथें ध्रुपद किती वेळां घोळवायचें हें समोरच्या मंडळींचा रंग पाहून ठरतें. आधींच भरून ठेवलेल्या ठेक्यावर हा निर्णय गायकाच्या हातीं राहतच नाहीं.

प्रतिपक्षी म्हणेल, सर्वांना एका वेळीं जमविणें दुर्घट आहे, आणि एकाच्या चुकीनें सर्वांचे श्रम वाया जातात. खरें आहे. परंतु 1902 मध्यें कलकत्त्यास गौहरजान गायिली तेव्हां गायिका आणि साथीदार यांचा आवाज एकाच कर्ण्यांत जात होता. चूक झाली तर सगळेंच पुन्हा करावें लागे. पुढें अब्दुल करीम खाँ यांच्या (1872–1937) तबकड्याहि गायक आणि साथीदार एकत्र बसूनच झाल्या, आणि त्या आजहि मन हेलावून सोडतात. चुकीच्या त्या धाकानेंच मेहनत होत असे. चूक मागाहून पुसतां येते अशी खात्री झाल्यावर रियाझाला कोण बसेल?

आणि मौज ही कीं, यंत्रानें अशी फाटाफूट मागितलेलीच नाहीं. चार मायक्रोफोन, चार ट्रॅक, आणि एकाच सतरंजीवर बसलेले चौघे, एवढी सोय तें आनंदानें करून देतें. गायकाच्या मायक्रोफोनमध्यें तबला थोडा झिरपेल, झिरपूं द्यावा. वैशाखांत कूलर बंद करवत नाहीं, तर पहाटे बसावें. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनीं एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, आणि त्यांपैकीं हजारों बायांच्या स्वतःच्या आवाजांत मुद्रित झाल्या. त्या ऐकतांना एकीच्या ओवीमागें दुसरी सूर धरते, हेंच मनांत राहतें.

शेवटीं प्रश्न केवळ नादाच्या गोडीचा नाहीं. आमच्याकडील पोरें तबला शिकतात तीं निम्मीं गुरूजवळ आणि निम्मीं गाणाऱ्यांशेजारीं बसून. ठेका यंत्रांतून काढावयाचा असें ठरलें, तर ती जागा कोणासाठीं मोकळी राहणार? 'साथ' या शब्दाचा अर्थ संगीतांत एक आणि संसारांत दुसरा, असें मराठी भाषेनें कधीं मानलेलें नाहीं. घरीं यंत्र जरूर आणावें. पण त्याचें बटण दाबण्यापूर्वीं शेजारच्या तबलजीला आणि पेटीवाल्याला हांक मारावी.