सुभेदाराच्या वरची इंग्रजी

कोरेगाव तालुक्यातील तरुण सैन्यात भरती होतो. नाईक होतो, हवालदार होतो, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी परततो. त्या पायरीच्या वर मात्र लेफ्टनंट, कर्नल, ब्रिगेडियर! ही रेषा कोणी आखली? ज्या इंग्रजाने हिंदी सैनिकाला सुभेदारीपाशी अडवून वरचे हुद्दे गोऱ्यांसाठी राखले, त्यानेच. राज्य गेले, रेषा राहिली.

हवालदार तरी कुठे संस्कृत, असे कोणी विचारील. खरेच आहे, तो शब्द यावनी. पण शिवछत्रपतींनी 1674 च्या राज्याभिषेकसमयी मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती केला आणि राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. हा खटाटोप त्यांना पोरखेळ वाटला नाही.

4 डिसेंबर 2023 रोजी सिंधुदुर्गात नौदलाच्या पदांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. मग भूदलानेच ब्रिगेड आणि डिव्हिजन का कवटाळावेत? महाभारतात पत्ती, सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी अशी तिपटीने वाढणारी चढती मांडणी तयार आहे. त्यांपैकी चमू आज मराठीत क्रिकेटच्या बातम्यांपुरता उरला आहे.