हुशार नसलेल्या मुलांचे काय?

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिची लेक लवकरच एकवीस वर्षांची होईल. दीड वर्षाची असताना आईवडिलांच्या व्हिसावर ती तिकडे गेली. एकवीस पूर्ण झाली की ती 'अवलंबित मूल' राहत नाही. मग दुसरा व्हिसा मिळवा, नाहीतर देश सोडा! "मावशी, ती आता आपली कहाणी लिहून तिथल्या खासदारांना पाठवतेय," भाची म्हणाली.

मला 'ड्रीमर्स' आठवले. लहानपणी आलेली, पण कागदपत्रे नसलेली मुले. मार्च 2010 मध्ये शिकागोत अशा काही तरुणांनी भर सभेत आपली ओळख जाहीर केली. पत्रकार होसे अंतोनियो वर्गास यांनी 2011 मध्ये स्वतःबद्दल तसेच लिहिले. पकडले जाण्याची भीती असताना! जून 2012 मध्ये ओबामांनी 'डाका' योजना आणली. तिच्यात एकावेळी दोन वर्षे हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना मिळाला. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने ती बंद करायला घेतली, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते रोखले. आमच्या नातीला मात्र ती लागू नव्हती. कारण काय, तर तिच्याकडे कागद होते!

या कहाण्यांचे मोल मी जाणते. फाईलमधल्या आकड्याला त्यांच्यामुळे चेहरा मिळतो. पण एक गोष्ट खटकते. बहुतेक कहाण्यांत मूल वर्गात पहिले असते, नाहीतर डॉक्टर, नाहीतर सैनिक. मी 34 वर्षे शिकवले. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरची मुलेही होती. हजेरी घेताना मी त्यांचे नाव कधी गाळले नाही. मग ज्याला पंचेचाळीस टक्के मिळाले, जो हॉटेलात भांडी घासतो, त्याचे घर हे घर नव्हे काय? आणि "चूक आईवडिलांची, माझा काय दोष?" असे लेकरांना म्हणावे लागावे, हे तर फारच वाईट.

नातीने फोनवर मसुदा वाचून दाखवला. सगळी बक्षिसे आणि गुण. मी म्हटले, "बाळा, यात तुझे घर कुठे आहे? तुझी गल्ली, मैत्रिणी, शाळेची बस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "आजी, ते लिहिलं तर रडू येतं."

तेच लिही, म्हटले.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.