प्रवाशाचे बिनव्याजी कर्ज

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब चार दिवस बाहेरगावी जाऊन यावे, अशी इच्छा असणारा नोकरदार माणूस आता श्रावणातच पैसे भरून मोकळा होतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विमान निवडायचे, हॉटेलातील खोली निवडायची, दोन-तीन वेळा बोट टेकवायचे, की तीस-चाळीस हजार रुपये खात्यातून वजा झाल्याचा संदेश येतो. आरक्षण पक्के झाल्याचा आनंद एवढा असतो, की गेलेले पैसे नेमके कोणाकडे गेले हा प्रश्न मनात येतच नाही. तो यावा, असे अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला वाटते. श्रावणात दिलेला पैसा आणि दिवाळीत मिळणारी सेवा यांच्या दरम्यान दोन-अडीच महिन्यांचा काळ जातो. त्या काळात तो पैसा कोणाच्या तरी हाती असतो आणि कोणाच्या तरी उपयोगी पडत असतो. तो 'कोणी तरी' म्हणजे प्रवासी खास नव्हे.

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पडला तो पुस्तके वाचून नव्हे. मुलीच्या प्रवेश-मुलाखतीसाठी पुणे-दिल्ली विमानाची दोन तिकिटे एका मध्यस्थ कंपनीमार्फत काढली होती. मुलाखतीची तारीख बदलली म्हणून ती रद्द करावी लागली. शुल्क वजा जाता आठ हजार चारशे रुपये परत मिळावयाचे होते. महिना उलटला तरी ते येईनात. विमान कंपनीला विचारले, तर रक्कम मध्यस्थाच्या खात्यात केव्हाच जमा केली असल्याचे उत्तर आले. मध्यस्थाने ती विमान कंपनीकडे 'प्रक्रियेत' असल्याचे कळविले. बँकेकडे असा व्यवहार आलेलाच नव्हता. तिघांची भाषा अत्यंत सभ्य होती. आमच्या महाविद्यालयातील हिशेबनीसांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमचे पैसे नावे पडलेत, पण जमा कुठे पडलेत ते कोणी सांगत नाही." चाळीस वर्षे रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाने एका वाक्यात सगळा प्रश्न मांडला होता.

या पैशाचा मार्ग तपासून पाहिला म्हणजे गोंधळाचे मूळ कळते. आपण कार्डाने किंवा यूपीआयने दिलेली रक्कम बहुधा प्रथम एका देयक-संकलक कंपनीकडे येते. अनेक व्यापाऱ्यांसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करून ते त्यांना पोचते करणे, एवढेच हिचे काम. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी या संकलकांसाठी नियम जारी केले आणि ग्राहकांचा पैसा त्यांनी स्वतःच्या पैशात न मिसळता बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावा, असे बंधन घातले. नियम चांगला आहे. परंतु त्याचे संरक्षण पैसा व्यापाऱ्याच्या हाती पडेपर्यंतच पुरते, आणि आपल्या व्यवहारात 'व्यापारी' म्हणजे पुष्कळदा ती मध्यस्थ कंपनीच असते. म्हणजे पैसा दारातून आत येईपर्यंत त्याच्यावर पहारा, आणि घरात शिरल्यावर त्याची चौकशी करणारे कोणी नाही!

पुढचा मार्ग सेवेच्या प्रकारानुसार बदलतो. विमानाच्या तिकिटाचे पैसे मध्यस्थाकडे फार काळ राहतात असे नाही. अल्पदरातील विमान कंपन्या मध्यस्थाकडून आगाऊ ठेव घेतात व प्रत्येक तिकीट विकले गेले की तीतून रक्कम कापून घेतात. इतर कंपन्यांचा हिशेब त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चालविलेल्या समाशोधन पद्धतीने ठराविक मुदतीने चुकता होतो. तेव्हा येथे प्रवाशाचा पैसा उड्डाणापर्यंत मुख्यतः विमान कंपनी वापरते. हॉटेलच्या बाबतीत चित्र उलटे होते. 'आत्ताच पैसे भरा' हा पर्याय आपण निवडला, तर रक्कम पुष्कळदा मध्यस्थापाशी राहते आणि पाहुणा येऊन गेल्यावर, दलाली कापून, हॉटेलमालकाला मिळते. काही कंपन्या त्यासाठी एका वेळेपुरता कार्ड-क्रमांक काढून देतात. हॉटेलने त्यावर आपली रक्कम उचलावयाची, पण तीही पाहुणा दाखल होण्याच्या तारखेनंतर. दापोली-गुहागरकडचा दोन खोल्यांचा घरगुती निवास चालविणारा माणूस गॅस आणि मासळी रोखीने आणतो, पाहुण्याला जेवू घालतो आणि मग आपल्या पैशांची वाट पाहतो. प्रवासी आगाऊ देतो, यजमानाला मागाहून मिळते आणि मधल्या दिवसांचा धनी मध्यस्थ होतो.

रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी व तुलनेने बरी आहे. मध्यस्थ संस्थाच सरकारी असल्याने आणि परताव्याचे नियम ठरलेले असल्याने पैसे बहुधा आपोआप मूळ खात्यात परत येतात. तरीही प्रतीक्षा यादीतील प्रवासी जागेची शाश्वती नसताना पूर्ण भाडे भरून बसतो, हे विसरता येत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तेव्हा चर्चा झाली ती दलालांच्या आणि रिकाम्या जाणाऱ्या जागांच्या संदर्भात. प्रवाशाचा पैसा अडकून पडण्याचा कमाल काळ त्यामुळे निम्मा झाला, हा लाभ मात्र कोणी मोजला नाही.

असा हाती राहिलेला पैसा किती मोलाचा असतो, याची कल्पना परदेशी कंपन्यांच्या ताळेबंदांवरून येते, कारण तेथे ती रक्कम वेगळी दाखविलेली असते. घरगुती निवासाची जगभर आरक्षणे घेणारी एअरबीएनबी ही कंपनी पाहुण्याकडून आधी पैसे घेते आणि तो दाखल झाल्यानंतर साधारणतः चोवीस तासांनी यजमानाला देते. २०२३ अखेर अशी इतरांसाठी धरून ठेवलेली रक्कम ५.९ अब्ज डॉलरच्या घरात होती, आणि त्या वर्षी कंपनीचे व्याजाचे उत्पन्न ७० कोटी डॉलरहून अधिक होते. त्यात कंपनीच्या स्वतःच्या शिलकेवरील व्याजही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पाहुण्यांच्या पैशावरील व्याजाचा वाटा पाहुण्याला किंवा यजमानाला मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

व्याज बुडाले म्हणून मध्यमवर्गीय माणूस रडणार नाही. आठ-दहा हजारांवरचे दोन महिन्यांचे व्याज ते किती! खरी भीती मुद्दलाची असते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणे बंद केली व तिचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आगाऊ तिकिटे काढली होती, ते एका रात्रीत प्रवाशाचे धनको झाले, तेही विनातारण धनको, ज्यांची पाळी बँकांच्या मागून येते. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. अशा रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काय लागते, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हे संकट सर्व देशांवर येते, पण सर्वत्र ते प्रवाशाच्याच डोक्यावर फुटते असे नाही. ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी प्रवासी कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळली. (आपल्याकडील त्याच नावाच्या कंपनीची मालकी तेव्हा वेगळी होती.) तेथे १९७३ पासून 'अॅटोल' नावाची संरक्षण योजना आहे. सहल विकणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावा लागतो आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरावे लागतात. त्या निधीच्या आधारे व सरकारच्या मदतीने परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख माणसांना मायदेशी आणले गेले आणि ज्यांच्या सहली निघावयाच्या होत्या त्यांतील योजनेखालील प्रवाशांना पैसे परत मिळाले. त्याच कंपनीकडून येणी असलेले स्पेन-ग्रीसमधील हॉटेलमालक मात्र बुडाले, कारण त्यांच्यासाठी कोणताही निधी नव्हता.

आपल्याकडे या प्रश्नाची परीक्षा टाळेबंदीत झाली. २५ मार्च २०२० रोजी विमाने थांबली आणि परताव्याऐवजी 'पुढे केव्हातरी वापरा' अशी पतपत्रे प्रवाशांच्या माथी मारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निर्णयात, टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत करावेत, असे सांगितले. आधी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत आर्थिक अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत पतपत्राची मुभा मिळाली. मात्र त्या पतपत्राची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व पुढे दरमहा पाऊण टक्का वाढली पाहिजे, अशी अट होती. माझ्या मते त्या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. अडकून पडलेले भाडे हे कर्ज आहे आणि त्यावर मोबदला द्यावा लागतो, हे तत्त्व देशात एकदा मान्य झाले. संकट ओसरल्यावर ते विस्मरणात गेले.

आणि पैसे परत करण्याचा आदेश निघणे व ते खात्यात येणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, हेही दिसून आले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोंदीनुसार यात्रा या मध्यस्थ कंपनीकडे २०२१ मध्ये टाळेबंदीतील ३६ हजारांवर आरक्षणांचे २६ कोटी रुपये परत करावयाचे शिल्लक होते. जून २०२४ मध्येही अडीच कोटी रुपये शिल्लकच होते, आणि उरलेल्या प्रवाशांना दूरध्वनी करून पैसे पोचविण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीत पाच माणसे बसविण्याचा हुकूम प्राधिकरणाला काढावा लागला. चार वर्षे!

याच देशात दुसरा एक नियम आहे. पैसे खात्यातून गेले पण व्यापाऱ्याकडे व्यवहार पुरा झाल्याची नोंद झाली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते परत आले पाहिजेत, नाही तर पुढे दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले. यंत्र चुकले तर दिवसाला शंभर रुपये, आणि माणसांनी जाणूनबुजून पैसे अडकविले तर काहीच नाही, ही विसंगती आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत मध्यस्थामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच मानलेली आहे, कारण मध्यस्थ तिचा प्रतिनिधी ठरतो. हे किती प्रवाशांना ठाऊक असेल?

उपाय शोधण्यासाठी विलायतेकडे पाहण्याची गरज नाही. आमच्याच राज्यात १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयी कायदा झाला. त्यात खरेदीदारांकडून घेतलेली आगाऊ रक्कम बांधकाम करणाऱ्याने वेगळ्या खात्यात ठेवावी व तिचा विश्वस्त म्हणून वागावे, असे कलम घातले गेले. ते फारसे पाळले गेले नाही, हा भाग वेगळा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने तोच विचार अधिक घट्ट केला. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात राहते आणि बांधकामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच काढता येते. न बांधलेले घर आणि न केलेला प्रवास यांत आर्थिकदृष्ट्या फरक तो काय? दोन्हीकडे ग्राहक आज पैसे देतो आणि उद्याची वस्तू विकत घेतो. तेव्हा प्रवासाच्या आगाऊ रकमेचाही मोठा भाग सेवा मिळेपर्यंत विश्वस्त खात्यात राहावा, आणि रद्द झालेल्या आरक्षणाचा परतावा मध्यस्थाच्या हातून न जाता मूळ खात्यात थेट जावा.

यावर आक्षेप येईल, की कंपन्यांचे खेळते भांडवल आटेल आणि भाडी वाढतील. थोडी वाढतीलही. आजचे स्वस्त तिकीट काही अंशी प्रवाशाच्याच बिनव्याजी पैशावर स्वस्त झालेले असते, हे यातून कबूल होते. ज्यांना भांडवल हवे त्यांनी ते बँकेकडून व्याजाने घ्यावे. बँक तारण मागते, ताळेबंद तपासते. प्रवासी यातले काही करू शकत नाही. छोट्या गावातील प्रवासी कार्यालये चालविणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. त्यांना विमान कंपनीकडे स्वतःची ठेव आधी ठेवावी लागते. त्यांच्यासाठी रकमेची मर्यादा ठरवून सूट देता येईल.

माझे आठ हजार चारशे रुपये अखेर त्रेसष्टाव्या दिवशी आले. पण खात्यात नव्हे, तर त्या कंपनीच्या 'पाकिटा'त. पुढचे तिकीट त्यांच्याकडूनच काढले तर वापरता येतील आणि सहा महिन्यांत न वापरल्यास बाद होतील, असे सोबतच्या संदेशात लिहिले होते. मी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदविली, तेव्हा आणखी अकरा दिवसांनी ती रक्कम बँकेत जमा झाली. तिकिटे काढताना घेतलेले 'सुविधा शुल्क' तीत नव्हते. हिशेबनीसांनी पासबुकातील ती ओळ पाहिली आणि विचारले, "सर, यातली सुविधा कोणाची झाली?"