आधी पोषण, मग पाठ

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीला खडू खाताना पाहून मी सर्वांसमक्ष रागावलो होतो. तिचे धड्यात लक्ष नसे. जिना चढताना तिला धाप लागे. मी तिला आळशी ठरवून मोकळा झालो. पुढे तपासणीत तिचे हिमोग्लोबिन जेमतेम ७ निघाले. माती-खडू खाण्याची ओढ हे अनेकदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, हे मला तेव्हा कळले.

लोहावाचून हिमोग्लोबिन बनत नाही आणि त्यावाचून शरीराला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मग थकवा येतो, एकाग्रता ढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, त्यांच्या लेकरांची 'गुणवत्ता' मोजणाऱ्यांनी आधी त्यांचे रक्त तपासावे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीची कथा आहे. हरवलेला बैल शोधून थकलेल्या, भुकेल्या शेतकऱ्याला तथागतांनी प्रथम जेवू घातले. धम्म नंतर सांगितला.

आपल्या भोजनगृहाने हाच क्रम पाळावा. ताटात कडधान्ये, पालेभाजी व लिंबाची फोड असावी. जेवणालगत चहा नसावा. आठवड्याची लोहाची गोळी चुकू नये. वर्षातून एकदा रक्ततपासणी व्हावी. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश पाळण्याचे बळ विद्यार्थ्यांच्या देहात असावे, ही जबाबदारी आपली आहे.